चिंचेखालचं बी

अण्णा,

हळद हे मूळ नव्हे, खोड आहे, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल! आणि दर वेळी तू टोपी मागे सरकवून हसलास. "जमिनीच्या आत हाय म्हंजे मूळ. भायर हाय ते खोड. साळंत काय उलटं शिकवतीस गं पोरांस्नी?" मग मी गड्डा तुझ्या नाकासमोर धरायची. ही बघ पेरं, तुझ्या उसाला असतात तशीच. पेरावरचे हे वाळके पापुद्रे, ती त्याची पानं. आणि हा डोळा, इथून कोंब फुटतो. मुळाला कधी पेरं असतात का? हळदीचं खोड मातीतच आडवं वाढतं, इतकंच. तू गड्डा उलटासुलटा करून बघायचास आणि म्हणायचास, "साकू गं बाई, साकू." कानडीत पुरे म्हटलं की भांडण मिटतं अशी तुझी समजूत होती. मी तीस वर्षं बेळगावच्या शाळेत विज्ञान शिकवलं, पण सख्ख्या भावाला एक धडा पटवता आला नाही.

ते भांडण तसंच राहिलं. तू जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि माझ्याकडे दुसरं भांडण तयार आहे. हे खरं भांडण आहे आणि त्याला तू हजर नाहीस. नको तिथून वेळेत सटकायचं तुला चांगलं जमायचं, लहानपणापासून.

लोक भेटायला येत होते आणि म्हणत होते, देवमाणूस गेला. मी मान हलवत होते. बाहेरच्या सोप्यात तुझा फोटो, त्याला हार, आणि फोटोतही तू तसाच हसतोयस, काही झालंच नाही असं. हा देवमाणूस माझ्याशी काय वागला ते मला तुझ्या दहाव्याच्या दिवशी कळलं.

आईची हळद तुला माझ्याइतकीच माहीत होती. ती आपल्या घरची नव्हतीच मुळी. आई खानापूरकडची. तिच्या लग्नात तिच्या आईनं तिच्या ओटीत नारळ-खणाबरोबर हळदीचा एक ओला गड्डा घातला होता. माहेरच्या परड्यातला. आजीला तो तिच्या आईनं घातलेला. सासरी गेलं की आधी हे मातीत टोचायचं, मग चुलीकडे जायचं, अशी त्यांच्याकडची रीत. आईनं तो निपाणीजवळच्या या काळ्या रानात टोचला, दुसऱ्या वर्षी त्याचे पाच-सहा केले, आणि आपल्याला कळू लागलं तोवर विहिरीकडचा सगळा तुकडा पिवळाधमक निघत होता.

मी शिकले तेव्हा मला त्यातली गंमत कळली. हळदीला फूल येतं, पण बी धरत नाही. वाढायचं तर गड्ड्याचा तुकडा मोडून लावायचा. म्हणजे नवं झाड हे जुन्याचं पोर नसतं, ते तेच झाड असतं, पुढं चाललेलं. हे मी आईला सांगितलं. पणजीनं लावलेलं झाड अजून मेलेलंच नाही, ते आता आपल्या विहिरीकडं आहे. आई विळीवर भाजी चिरत होती. म्हणाली, "मग? मला काय वाटलं हुतं, मेलं?" माझ्या लग्नात तिनं ओटीत गड्डा घातला तेव्हा मी बेळगावला शहापुरात आले आणि मागच्या दारी, धुण्याच्या दगडापलीकडे जी हातभर माती होती तिथं तो टोचला. सासूबाई बघतच राहिल्या. पण तो रुजला. दर वर्षी वर्गात एक गड्डा घेऊन जायचे आणि पोरांना सांगायचे, हे माझ्या पणजीचं झाड.

मग आई गेली. ऐन काढणीत गेली.

त्या तिसऱ्या दिवसाबद्दल आपण एकदाच बोललो, आणि त्याला बोलणं म्हणता येणार नाही. सकाळी आईच्या रक्षाविसर्जनासाठी सगळे दारात थांबले होते आणि तू नव्हतास. रानातून वाफेचा फुसफुस आवाज येत होता. हळद शिजवायचा कुकर आपल्या पाळीला आला होता. तो या रानातून त्या रानात फिरतो, पाळी चुकली की काढलेली ओली हळद पडून कुजते, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आईची राख अजून गोळा केलेली नाही आणि पोरगा हळद शिजवतोय! तू आलास तो हाताला ओलं फडकं गुंडाळून. उजवा हात, कोपरापर्यंत. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढी घाई झालीया व्हय रं पैशाची, की हात भाजून घेतलास?" डाव्या हातानं राख सावडलीस. भटजींनी उजव्या हातानं म्हणून सांगितलं, तरी डाव्याच.

त्यानंतर तू हळद लावणंच सोडलंस. विहिरीकडच्या तुकड्यात ऊस उभा केलास. मी सुट्टीला आले की तोंड सोडायची. आईची हळद मोडलीस. कारखान्याच्या ट्रॉल्यांशिवाय तुला दुसरं काही दिसत नाही. एका पिकाची तुला लाज वाटली, कारण त्यात बायकांचा हात होता. हे शेवटचं तर मी फार टाकून बोलले होते. तू उसाचं कांडं सोलत बसायचास आणि म्हणायचास, "ऊस बरा गं. हळदीचा लई उपद्व्याप." मला वाटायचं, हा माणूस लोभी झाला. वर निगरगट्टही झाला, कशानं काही वाटत नाही.

आईच्या मागे दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या गल्लीचा रस्ता उंच केला आणि सगळं पाणी मागच्या दारात येऊन साचलं. हळदीची पानं अवेळी पिवळी पडली. मी उकरलं तर गड्डा बोटात पिचला. आत नुसता लिबलिबीत लगदा आणि घाण वास. मी त्या चिखलात बसून रडले, अण्णा. आई गेली तेव्हा मी एवढी रडले नव्हते. आमचे हे उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून दुपारी घरी आले, मला बघून घाबरले, आणि काय झालं ते कळल्यावर म्हणाले, "हळद ती हळद. भाजीला काय फरक पडतोय?" मी त्यांच्याशी आठवडाभर धड बोलले नाही.

आणि मी तुला फोन केला. इतक्या दिवसांची अढी गिळून केला. म्हटलं, तुझ्या रानात बांधाला, पाटाच्या कडेला, कुठं चुकून आईचा एखादा कोंब उगवून आलाय का बघ. उसात हळद तगून राहते कधी कधी. मग म्हणालास, "बघतो."

उन्हाळ्यात तू स्वतः आलास. एसटीनं, पिशवी मांडीवर धरून. पिशवीत चार गड्डे, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. मी ते हातात घेतले आणि मला आईचे हात आठवले, नखांत पिवळं गेलेले. मी विचारलं, "आईचीच न्हवं?" तू चहाची बशी खाली ठेवलीस. म्हणालास, "पाणी बेतानं घाल. कुजतंय लगीच." आणि उठलास. जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाहीस, निपाणीची गाडी चुकेल म्हणालास. निपाणीच्या गाड्यांना काय तोटा होता?

त्या चार गड्ड्यांवर मी तुला माफ केलं. राखेच्या दिवसाचं, उसाचं, सगळं. माझ्या मनात आलं, वरून दगड असला तरी यानं कुठंतरी बांधाला आईचं झाड जपून ठेवलं. मला सांगितलंही नाही, शिव्या खाल्ल्या आणि जपलं. मी कितीजणींना सांगितलं असेल ते. तुझ्यासारखा भाऊ असावा म्हणून माझ्या शेजारणी मला म्हणायच्या.

ती हळद थोडी फिकट निघायची. आईची मोडली की आत गडद शेंदरी दिसायची, ही लिंबाच्या सालीसारखी. वासही कमी. मी तुला बोलून दाखवलं तर म्हणालास, "माती बदलली की रंग बदलतोय." मी, विज्ञानाची बाई, ते धरून बसले. वर्गात सांगितलं सुद्धा, की बघा, परिस्थितीचा परिणाम.

आणि मागच्या साली माझ्या तेजूचं लग्न झालं तेव्हा मी तिच्या ओटीत त्यातलाच गड्डा घातला. तू तिथं होतास. मामा म्हणून तिच्या मागे उभा होतास. मी सगळ्या बायकांना मोठ्यानं सांगत होते, ही माझ्या पणजीची हळद, पाचव्या पिढीला चालली. तू रुमाल काढून डोळे पुसलेस. मला वाटलं, भाची सासरी चालली म्हणून.

तुझ्या दहाव्याला, नदीवरून आल्यावर, मी वहिनीजवळ बसले. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हटलं, वहिनी, अण्णांनी बांधाला आईची हळद जपली होती ती जागा मला दाखवा, या अक्षय्य तृतीयेला तिथलं चार ठिकाणी लावू, तुमच्याकडं आणि माझ्याकडं. वहिनी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमास्नी सांगायचं न्हाय म्हणून शपथ घातलीया त्यांनी. पर आता कुणाची शपथ पाळू?"

आणि तिनं सांगितलं. आईनं पडायच्या आदल्या दिवशी बेण्याचे गड्डे निवडून चिंचेखाली पाल्यात झाकून ठेवले होते. दर वर्षी ठेवायची तसेच. कुठलं बी आणि कुठलं शिजवायचं हे तिचं तिलाच ठाऊक, कुणाला सांगायची तिला कधी गरज पडली नव्हती. ती गेली. तिसऱ्या दिवशी कुकर आला. गडी माणसं टोपल्या भरत सुटली, चिंचेखालचं पण भरलं. तू इकडं राखेचं सामान बांधत होतास. तिकडं गेलास आणि चिंचेखाली नुसता पाला दिसला.

"वाफ सुटली हुती," वहिनी म्हणाली. "झाकाण काढलं आन् हात घातला बघा त्यात यांनी. गडी वढायला लागली तरी काढंनात. निघालं तेवढं काढलं. भाजल्याला हात, आन् त्यात ती हळद."

मी तिच्या पुढ्यातले तांदूळ चिवडत होते.

"तरीबी लावलं की ते. बांधाकडंला. रोज बघाय जायाचे. मी म्हणायची, अवो शिजल्यालं कुठं उगवतंय व्हय? तर म्हणायचे, आतनं कच्चं आसंल एखांदं." ती परत तांदूळ निवडायला लागली. "एकबी डोळा फुटला न्हाय. मग ऊस केला."

"आणि मला आणून दिली ती?"

"ती कागलच्या बाजारातली, वन्सं."

अण्णा, मी तिथून उठले आणि परड्यात जाऊन उभी राहिले. तुझ्या हातावरचा तो चट्टा मी इतकी वर्षं बघत होते. राखी बांधताना बघत होते. तो मी पैशाच्या घाईचा समजत होते आणि तू मला समजू दिलंस. लोभी म्हटलं, घेतलंस. निगरगट्ट म्हटलं, घेतलंस. आता या सगळ्याचं मी काय करायचं हे सांगायला तू नाहीस.

पण थांब. मी रडून मोकळी होणार नाही. तुझं दुःख मला कळलं म्हणून तुझी सुटका नाही. तुला एक गोष्ट कशी सुचली नाही ते आधी सांग. तू हात भाजून घेतलास त्या दिवशी आईचं झाड मेलं नव्हतं. माझ्या मागच्या दारी, धुण्याच्या दगडापलीकडे ते हिरवंगार होतं. त्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत होतं. तेच झाड, तोच गड्डा, आईच्या हातचा! मी गळा फाडून तुला सांगत होते ना, ते तेच असतं म्हणून? एक शब्द बोलला असतास तर मी त्याच उन्हाळ्यात टोपलीभर घेऊन आले असते. तुझ्या रानात लावलं असतं, वहिनीच्या परड्यात लावलं असतं, चार शेजाऱ्यांना दिलं असतं. माझ्या दारात पाणी साचलं तरी ते कुठंतरी राहिलं असतं. तुझ्याकडचं बी गेलं हे मला ठाऊक असतं तर मी त्या हातभर मातीवर जिवापाड पहारा केला असता. मला वाटलं, अण्णाकडं रान आहे, माझ्याकडे नुसती आठवण. तुला वाटलं, सुमीला कळलं तर ती आयुष्यभर बोलेल. बोललेच असते. मग? बोलण्यानं कुणी मरतं का? कुकरात शिजलं ती चूक होती आणि ती तुझी नव्हती. पण आईचं झाड तुझ्या गप्प बसण्यानं मेलं, अण्णा. हे मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं.

मी खानापूरलाही जाऊन आले. दहाव्याहून परतले आणि दुसऱ्याच दिवशी गेले. आजोळी आता मामाची नातसून आहे, गोड मुलगी आहे. आजीच्या परड्यात फरशी बसवलीये, वर पत्र्याची शेड, खाली दोन गाड्या. मी हळद म्हटल्यावर तिनं स्वयंपाकघरातून पाकीट आणून दाखवलं. "आत्या, ही चांगली लागती. रंग बी येतोय." मी फरशीच्या कडेकडेनं एक चक्कर मारली, भिंतीपर्यंत. सांध्यात नुसती हरळी होती. ती कुठंही तगते.

परत येताना गाडीत मी तो दिवस आठवून बघितला, पिशवीचा. तू काय काय बोललास ते. आणि माझ्या लक्षात आलं की तू हो म्हणालाच नव्हतास. मी विचारलं आईचीच न्हवं, आणि तू पाण्याचं बोललास. खोटं बोलायचं धाडस नाही, खरं बोलायचंही नाही. त्यावर मी इतकी वर्षं राहिले. माझी माफी तू कागलच्या बाजारातून आणलीस.

ती परत घ्यावी असं मनात आलं. खरंच आलं. पण परत घेऊन ठेवू कुठं? आणि तो हात आठवतो. वाफेत घातलेला. मग राग कुठं धरायचा ते कळत नाही आणि त्याचा जास्त राग येतो. तू जिवंत असतास तर दोन दिवस भांडले असते, तू साकू साकू म्हणाला असतास, वहिनीनं दोघांना जेवायला वाढलं असतं.

मागच्या दारातली ती फिकट हळद उपटून टाकायची म्हणून काल खुरपं घेऊन गेले. पानं वाळून झोपलेलीच होती. उकरलं. मधे मूळचा जुना गड्डा, रस सगळा पोरांना देऊन पोकळ झालेला, आणि त्याच्या भोवती नवे, टणक, डोळ्यांनी भरलेले. त्यांनी काय केलं होतं? त्या बिचाऱ्यांनी मी सांगितलं तसं सगळं केलं होतं. मी ते पाटीत घेतले, माती झाडली, आणि दगडावर बसून राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून तेजूनं फोटो पाठवला होता. गॅलरीतली कुंडी, तिच्यात मातीतून वर आलेलं कोंबाचं टोक, आणि मागे तिचा अर्धा चेहरा, दात दाखवणारा. खाली लिहिलं होतं, आई, पणजीच्या आईला कोंब आला! मग लगेच दुसरं. तुझ्या जावयाला पटत नाही, तो म्हणतो एवढं जुनं झाड कुंडीत कसं असेल. तू सांग त्याला. ही आजीचीच ना?

अण्णा, मी तो फोन किती वेळ हातात धरून बसले ते मला सांगता येणार नाही. मी विज्ञान शिकवलंय. खोटं लिहायला माझा हात उठला नाही. खरं लिहायलाही उठला नाही. तिचा तो हसरा चेहरा बघत होते आणि मला तू दिसलास, आमच्या सोप्यात, बशी खाली ठेवताना.

मग मी लिहिलं, पाणी बेतानं घाल गं. कुजतं लगेच.